मडगार्ड

ज्या वस्तूंवाचून आपले काहीच अडत नाही अशी आपली आठ महिने समजूत असते, त्यांची योग्यता पावसाळ्याच्या चार महिन्यांत ठरते. छत्रीचे हे माहात्म्य सर्वांस ठाऊक आहे व तिच्यावर पुष्कळांनी लिहिलेही आहे. मडगार्डावर मात्र कोणी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. कोणासही सायकलीचे वर्णन करावयास सांगा. तो चाकांपासून आरंभ करील, हँडल सांगेल, साखळी सांगेल, घंटादेखील विसरणार नाही. पण मडगार्डाचे नाव त्याच्या तोंडून आपण होऊन निघणे कठीण. जी वस्तू स्वतः चिखल खाऊन दुसऱ्यास स्वच्छ ठेवते तिच्या वाट्यास असेच यावयाचे, असे म्हणण्याचा आम्हांस क्षणभर मोह झाला होता. परंतु मडगार्डाविषयी सांगण्यासारख्या गोष्टी इतक्या आहेत की, त्यास उगाच साधुत्व चिकटविण्याचे कारण नाही.

आमच्या वडिलांच्या काळी मडगार्ड निवडणे हा प्रश्नच नव्हता. सायकल म्हणजे काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, आणि ती घरी येताना आपली पोलादी मडगार्डे घेऊनच येत असे. मागच्या मडगार्डाच्या टोकाशी पांढरा पट्टा व लाल काच, पुढच्याच्या टोकाशी रबराची एक पट्टी, आणि टायर व मडगार्ड यांमध्ये इतकी ऐसपैस जागा की अंगठा सहज आत जावा. त्या सायकलीवरून पुण्याचा निम्मा कारकूनवर्ग धोतर नेसून भर आषाढात कचेरीत जात असे आणि धोतर पांढरेच राहत असे. त्या मडगार्डांत दोष नव्हते असे नाही. ती गंजत, त्यांच्या तारांचे नट ढिले होत, आणि खडबडीत रस्त्यावर त्यांचा खडखडाट गल्लीच्या टोकापासून ऐकू येई. वडील घरी येत आहेत ही वर्दी आम्हांस त्या आवाजानेच मिळत असे, आणि हातातली गोष्टीची पुस्तके गणिताच्या पुस्तकाखाली जाण्यास तेवढा अवधी पुरेसा होत असे.

आता बाजारात जिला ‘रोड बाईक’ म्हणतात ती सायकल या कुळातली नव्हे. ती शर्यतीच्या घोड्याच्या जातीची. तिची चाके उंच व अरुंद, टायर पंचवीस किंवा अठ्ठावीस मिलिमीटर रुंदीचे, हँडल एडक्याच्या शिंगांप्रमाणे खाली वळलेले, आणि वजन असे की एका हाताने उचलावी. ती घडविणाराने प्रत्येक तोळ्याचा हिशेब केलेला असतो आणि त्या हिशेबात मडगार्ड बसत नाही. दोन्ही चाकांची मडगार्डे मिळून सुमारे अर्धा किलो वजन भरते. शर्यतीत ते जड होईल हे आम्हांस मान्य आहे. तथापि ज्यास शर्यत जिंकावयाची नसून सकाळी साडेदहाच्या तासाला वर्गात उभे राहावयाचे आहे, त्याने अर्धा किलो वाचवून पाठीवर चिखलाचा पट्टा का वागवावा, हे आम्हांस समजत नाही.

अशी एक सायकल आमच्या घरी आली ती आमच्या मुलीमुळे. नोकरी लागल्यावर पहिल्या दोन वर्षांच्या शिलकीतून तिने ती घेतली, आणि पुढची चार वर्षे रविवारी पहाटे मैत्रिणींबरोबर सिंहगडाचा पायथा, लोणावळा, ताम्हिणी असे तिचे चालू असे. गेल्या वर्षी ती शिक्षणासाठी इंग्लंडात लीड्सला गेली. सायकल गॅलरीच्या भिंतीवर टांगली गेली. परत येण्याची भाषा आधी ‘पुढच्या उन्हाळ्यात’ अशी होती. मग तिकडे एक नोकरी मिळाली आणि ती ‘बघू’ अशी झाली. हिवाळ्यात एकदा ती फोनवर म्हणाली, “बाबा, तिला टांगून ठेवू नका हो. चालवा. टायर उभे राहून राहून चिरतात.” उंचीच्या बाबतीत मुलगी आमच्यावरच गेलेली असल्याने सीट बोटभरसुद्धा हलवावी लागली नाही. जानेवारीपासून आम्ही त्या सायकलीवरून कॉलेजात जाऊ लागलो. मे महिन्यापर्यंत आमच्यासारखा सुखी मनुष्य कोथरुडात नव्हता.

मग जून आला. पुण्याचा पाऊस म्हणजे महाबळेश्वरचा नव्हे. तेथे वर्षास पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो, येथे सुमारे सातशे. परंतु मडगार्ड नसलेल्या सायकलस्वारास भिजविण्यास पाऊस पडत असण्याचीही गरज नसते; तो पडून गेलेला असला म्हणजे पुरे. ओल्या रस्त्यावरून चाक फिरू लागले की टायरला चिकटलेले पाणी चाकाबरोबर वर जाते व ज्या बिंदूशी सुटते तेथून सरळ रेषेत, स्पर्शिकेच्या दिशेने, उडते. ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलीच्या टायरचा पृष्ठभागही सायकलीच्या मानाने तेवढ्याच वेगाने फिरत असतो, म्हणजे सेकंदास सुमारे सात मीटर. या वेगाने सरळ वर फेकलेला थेंब, हवेचा अडथळा सोडून दिला तर, जवळजवळ अडीच मीटर उंच जाऊ शकतो. मागच्या चाकास आपल्या टाळूपर्यंत पोहोचण्याचे सामर्थ्य आहे असा याचा अर्थ. पाठ तर अगदीच घरची. पुढच्या चाकाचे गणित अधिक खोडसाळ आहे. जे थेंब टायरवरून लवकर सुटतात ते मागे येऊन बुटांवर, क्रँकवर व साखळीवर बसतात. जे उशिरा सुटतात ते वर व पुढे उडतात. मग समोरचा वारा त्यांस अडवतो, आपण मागून जाऊन त्यांस गाठतो, आणि ते तोंडावर घेतो. हे पाणी निव्वळ पाणी असते तर आमची तक्रार नव्हती. त्यात रेती असते, रस्त्यावरचे तेल असते आणि गाईम्हशींनी दिलेला प्रसाद असतो. रेती साखळीत शिरली की कानशीप्रमाणे काम करते, आणि चार पावसाळे टिकणारी साखळी एका पावसाळ्यात ताणून सैल होते.

तेव्हा मडगार्डे हवीत हे ठरले. कोणती, हे ठरेना.

ज्या मोठ्या दुकानात अशा सायकली विकतात तेथे आम्ही प्रथम गेलो. तेथील तरुण विक्रेत्याने आमचे म्हणणे आदराने ऐकले आणि तितक्याच आदराने सांगितले, “सर, या सायकलीला मडगार्ड शोभत नाही.” शोभेचा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. तरीही त्याने आम्हांस सीटखाली अडकवावयाची प्लास्टिकची एक जीभ दाखविली. ती खिशात मावते, क्षणात लागते, आणि धोतराऐवजी पँट नेसणाऱ्याची फक्त बैठक वाचविते. बुटांस व साखळीस तिचा काहीच उपयोग नाही. दुसरा प्रकार रबरी पट्ट्यांनी चिमट्याला व मागच्या नळ्यांना बांधावयाच्या आखूड मडगार्डांचा. हे ज्यांच्या सायकलीस स्क्रूची सोय नाही त्यांच्यासाठी ठीक. परंतु खड्ड्याखड्ड्यास ते एका बाजूस कलते, टायरला घासते आणि रबर उन्हाने वाळले की तुटते. शिवाय त्याची लांबी पुरत नाही. मडगार्डाची सगळी करामत त्याच्या लांबीत आहे, हे आम्ही यापुढे दोनदा सांगणार आहो. तिसरा प्रकार पूर्ण मडगार्डाचा, म्हणजे वडिलांच्या सायकलीवर होता तो, मात्र अरुंद व हलका. ही मडगार्डे धातूचीही मिळतात. फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या सायकली हाताने घडविणाऱ्या कारागिरांनी अॅल्युमिनियमच्या मडगार्डास दागिन्याची कळा आणली, आणि जपानात होंजो या नावाची ठोक्याठोक्यांच्या नक्षीची मडगार्डे अशी देखणी होतात की, त्यांवर चिखल उडावा याचेच वाईट वाटावे. नेहमीच्या वापरास प्लास्टिकच्या दोन थरांत अॅल्युमिनियमचा पत्रा धरून केलेली मडगार्डे आम्हांस अधिक पसंत. ती गंजत नाहीत, वाजत कमी, आणि पडली तर वाकून पुन्हा सरळ होतात.

याच सुमारास मुलीला विचारले. सायकल शेवटी तिची. ती म्हणाली, “लावा की, बाबा. फक्त काढता येतील अशी लावा.”

या एका वाक्यावर आमच्या घरी आठ दिवस खल झाला. आमच्या कुटुंबाने त्याचा अर्थ सरळ केला. “अहो, तिला दिवाळीत आल्यावर नेहमीसारखी हवी असणार. ते रबराचे घ्या आणि मोकळे व्हा.” दिवाळीत मुलगी येणार असे मुलीने कोठेही म्हटलेले नव्हते, हे आम्हांस दिसत होते, पण ते बोलून दाखविण्याचे काम आमच्याने झाले नाही. उलट पूर्ण मडगार्डे लावली म्हणजे ती सायकल आमची झाली, गॅलरीतल्या भिंतीवरचा खिळा रिकामा झाला, असा काही अर्थ त्यातून निघतो की काय, अशी शंका आम्हांसही आलीच. मडगार्डाच्या निवडीत असे प्रश्न मिसळू नयेत खरे. पण घरातल्या कोणत्याच वस्तूची निवड शुद्ध तिच्या गुणांवर होत नाही, पडद्यांचीही नाही.

निकाल अखेर सायकलीनेच लावला. मडगार्डाच्या तारा बसवावयाच्या तर चाकाच्या आसाजवळ, सांगाड्यास व चिमट्यास, आटे पाडलेली छिद्रे लागतात. शर्यतीच्या अस्सल सायकलीस ती नसतात. नसली तर निराळ्या पकडी लावून काम भागवावे लागते. आणि चिमटा कार्बनचा असला तर त्याला भोक पाडण्याचा किंवा त्यावर पकड आवळण्याचा विचारही करू नये, कारण कार्बन वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो. या सायकलीचा सांगाडा अॅल्युमिनियमचा, चिमटा कार्बनचा. आम्ही ती उलटी करून दिव्याखाली धरली. मागे दोन्ही बाजूंस बारीक काळे स्क्रू दिसले. पुढे चिमट्याच्या आतल्या अंगास तसेच दोन. चार वर्षांची धूळ पुसल्यावर त्यांखाली उत्तम आटे निघाले. करणाराने पावसाचा विचार मुळापासून करून ठेवला होता. फक्त तो झाकून ठेवला होता, गिऱ्हाइकास वाईट वाटू नये म्हणून. “स्क्रूच आहेत ना? मग काढता येतात,” असे आम्ही घरात सांगितले, आणि ते शब्दशः खरे होते. ते चार मूळ स्क्रू एका औषधाच्या डबीत घालून मुलीच्या टेबलाच्या खणात ठेवले. कुटुंबाने डबीवर चिठ्ठी चिकटविली.

आता जागेचा प्रश्न. टायरवर ‘२५-६२२’ असे कोरलेले असते. त्यातला पहिला आकडा टायरच्या रुंदीचा व दुसरा रीमच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरांत. मडगार्ड टायरपेक्षा निदान आठदहा मिलिमीटर रुंद असावे, म्हणजे पंचविसाच्या टायरला पस्तिसाचे. याहून अरुंद घेतले तर पाणी दोन्ही काठांवरून गळते. रुंदी जमली तरी उंची जमावी लागते, कारण रीमवर दाबणारे ब्रेक टायरच्या डोक्यावर अगदी टेकून असतात, आणि मडगार्डाला त्या दोहोंमधून जावे लागते. ज्या सायकलींचे ब्रेक चाकाच्या मध्याशी, तबकडीवर, असतात त्यांस ही अडचण नाही. आमच्याकडे टायर व ब्रेक यांमध्ये आठ मिलिमीटर भरले. त्यातले दोन मडगार्डाचे. उरले सहा, म्हणजे पाव इंच. डांबरी रस्त्यास एवढे पुरते. परंतु ज्यास शेताच्या काळ्या मातीतून जावयाचे आहे त्याने हा हिशेब धरू नये. ती माती मडगार्डाखाली थापली जाते, दहा-वीस पावलांत चाक जागच्या जागी बसते, आणि मग सायकल मनुष्यावर बसून घरी येते.

बसविण्याचे काम आम्ही आमच्या पेठेतल्या जुन्या सायकलवाल्या काकांच्या दुकानी, एका रविवारी, त्यांच्या देखरेखीखाली केले. मोठ्या दुकानात हे काम करून देण्यास ते तयार होते, पण ‘शोभत नाही’ म्हणणाऱ्याच्या हातून ते शोभेल असे होईल याची आम्हांस खात्री नव्हती. काकांनी अशी सायकल पूर्वी हाताळलेली नव्हती. त्यांनी ती एका बोटावर उचलून पाहिली, “पोरीची का?” असे विचारले, आणि मग निम्मा दिवस त्या कामास दिला.

आधी मागचे. चाक काढून मडगार्डाचे खालचे टोक क्रँकच्या मागच्या आडव्या नळीला आणि मधला भाग ब्रेकखालच्या पट्टीला धरावयाचा. मग चाक घालून तारांनी त्यास गोलाई द्यावयाची. टायर व मडगार्ड यांमधील फट आरंभापासून अखेरपर्यंत सारखी दिसली पाहिजे. यात कौशल्य आहे, आणि ते डोळ्याचे आहे, मोजपट्टीचे नव्हे. काकांचा एक मुद्दा मनावर ठसण्याजोगा होता. मडगार्ड ओढून, दाबून, जबरीने छिद्राशी आणून स्क्रू आवळू नये. “त्याला बसायला जागा करून द्या, साहेब. जुलमानं बसवलेलं मडगार्ड तिथंच तडकतं.” फट उरली तेथे त्यांनी जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून घातल्या, त्यांनी खडखडही थांबते. प्रत्येक नटाखाली स्प्रिंगचा वायसर घातला. तारांची जादा टोके एक्सोपात्याने कापून कानशीने घासली व त्यांवर रबरी टोप्या चढविल्या, कारण नागडी तार पोटरीला केव्हातरी शोधून काढतेच.

पुढच्या मडगार्डास मात्र थोडा वेळ थांबावयास हवे, कारण येथे प्रश्न कपड्यांचा नसून हाडांचा असतो. रस्त्यावरची काटकी कधीकधी टायरबरोबर उचलली जाऊन मडगार्डाच्या आत ओढली जाते. ती अडकली की मडगार्ड दुमडते, ब्रेकखाली गोळा होते, पुढचे चाक एकदम थांबते, आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. घाटाच्या उतारावर याचा परिणाम काय होईल हे सांगावयास नको. यासाठी चांगल्या मडगार्डांच्या पुढच्या तारा चिमट्याशी प्लास्टिकच्या अशा खुंटीत बसविलेल्या असतात की, जोराचा हिसका बसताच त्या सुटून मोकळ्या होतात व चाक फिरते राहते. काकांना हे पटेना. सुटणारी वस्तू लावावयाची कशाला, असा त्यांचा जन्माचा शिरस्ता. तेथे सरळ नटबोल्ट घालण्यास ते निघाले होते. आम्ही त्यांच्या हातात काटकी देऊन चाक फिरवून दाखविले. खुंटी सुटली. त्यांनी ती पुन्हा बसवून स्वतः दोनदा सोडविली, मग म्हणाले, “आमच्या वेळी हे असतं तर...” आणि वाक्य पुरे न करता पुढच्या तारेकडे वळले. त्यांच्या डाव्या मनगटाला जुना बाक आहे. आम्ही विचारले नाही.

आणखी एक गोष्ट, लहान सांगाड्याच्या सायकलीवाल्यांसाठी. अगदी हळू जाताना हँडल पुरते वळविले तर बुटाचे टोक पुढच्या मडगार्डास लागू शकते. वेगात हे होत नाही, कारण तेव्हा हँडल एवढे वळतच नाही. पण फाटकातून वळून बाहेर पडताना पायडल कोठे आहे याकडे लक्ष असावे.

काम झाल्यावर छायाचित्र लीड्सला पाठविले. आमची अपेक्षा होती की, आपल्या शर्यतीच्या घोडीस असे झूल-पट्टे घातलेले पाहून तिला हळहळ वाटेल. उत्तर आले ते तांत्रिक होते. “बाबा, पुढची पट्टी फार आखूड आहे. बुटांवर पाणी येईल. आणि मागे तर पट्टीच नाही!” मग तिने सविस्तर लिहिले. तिकडे तिने एक जुनी पोलादी सायकल घेतली आहे, तीही मडगार्डांसकट. रविवारी ती ज्यांच्याबरोबर फिरावयास जाते ते लोक हिवाळ्यात एकामागे एक, चाकाला चाक लावून जातात. तेव्हा तुमच्या मागच्या चाकाचे पाणी तुमच्या नव्हे, मागच्याच्या तोंडावर जाते. म्हणून मागच्या मडगार्डास जमिनीपासून चार बोटांवर येईल अशी लांब पट्टी असावी लागते, आणि जिच्या सायकलीस ती नाही तिने रांगेच्या अगदी शेवटी राहावे असा तेथला रिवाज आहे. पहिले दोन रविवार ती शेवटी होती. तिसऱ्या रविवारी दुधाचा प्लास्टिकचा कॅन कापून तिने पट्टी केली. “आता मी मधे असते,” असे तिने शेवटी लिहिले होते.

ते पत्र कुटुंबाने दोनदा वाचले. दिवाळीचा विषय तिने काढला नाही, आम्हीही नाही. थोड्या वेळाने तिने माळ्यावरून एक जुने रेक्झिनचे दप्तर काढून आणले. त्याचे बंद तुटलेले होते, पण झाकण शाबूत होते. ते जाड व लवचीक असून त्यास काठाशी शिवण होती, म्हणजे फाटण्याची भीती नाही. आम्ही मडगार्डाच्या टोकाचे माप घेतले, वर अरुंद व खाली रुंद असा आकार खडूने आखला, आणि ती कात्री घेऊन बसली. पुढच्या चाकास एक, मागच्यास एक. जमिनीपासून अंतर किती ठेवावे याबद्दल थोडा वाद झाला. आमचे मत गतिरोधकाला न घासेल इतके वर ठेवावे असे होते. तिचे मत, लीड्सला चार बोटे आहे तर येथेही चार बोटेच.

चार बोटेच ठेवली. गतिरोधकावर ती घासते, आणि तेवढाच तिचा आवाज येतो.